घरचा डिओ दुपारी दगा देतो तेव्हा

ठाण्याच्या नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवरून सकाळी वाशी-पनवेलकडे जाणाऱ्या लोकलच्या लेडीज डब्यात काही बायका वरची कडी धरायला हात वर करतच नाहीत. गर्दीचे धक्के खातात, सीटच्या पाठीला कमरेच्या उंचीवर धरून उभ्या राहतात, पण हात वर नेत नाहीत. सहज बघणाऱ्याच्या ते लक्षात येणार नाही. माझ्या येतं, कारण दोन उन्हाळे मीही तशीच उभी राहून कोपरखैरण्यापर्यंत गेले आहे.

बाजारच्या स्प्रेने काखेत बारीक पुरळ उठायला लागलं म्हणून सहा वर्षांपूर्वी मी घरी डिओ करून बघायला सुरुवात केली. आता शेजारणी, नणंद, ऑफिसातल्या मुली, सगळ्या माझ्याकडून कृती नेतात. आणि सगळ्यांची तक्रार फिरून एकच असते: "ताई, पहिला आठवडा छान गेला, मग चालेना." मग त्या कृती बदलतात. खोबरेल तेलावरून तुरटीवर, तुरटीवरून लिंबावर, आणि शेवटी थकून पुन्हा जुन्या स्प्रेवर. मला याचं वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा कृती बदलायची गरजच नसते. बिघाड दुसरीकडेच असतो.

"चालत नाही" या एका तक्रारीत तीन निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात. कुणाला वास येतो, कुणाला ओल सहन होत नाही, कुणाची कातडी चुरचुरते. आपली तक्रार यातली नेमकी कोणती, ते आधी ठरवा.

ओल वेगळी, वास वेगळा

काखेत दोन जातींच्या घामाच्या ग्रंथी असतात. एक जात अंगभर पसरलेली. ती पाणी आणि मीठ बाहेर टाकून अंग थंड करते. दुसरी जात मुख्यतः काखेत आणि जांघेत, आणि ती वयात येताना कामाला लागते. तिचा घाम दाटसर, त्यात स्निग्ध पदार्थ आणि प्रथिनं असतात. ताजा असताना यातल्या कुठल्याच घामाला म्हणावा असा वास नसतो. कातडीवर राहणारे जिवाणू, त्यात कोरिनेबॅक्टेरियम आणि स्टॅफिलोकॉकस होमिनिस हे मुख्य, त्या दाट घामातले घटक फोडतात आणि त्यातून आंबट, उग्र, कधी कापलेल्या कांद्यासारखा वास तयार होतो. कांद्याची आठवण येते ती गंधकामुळे.

डिओ या जिवाणूंना आवरतो किंवा वास झाकतो. घाम थांबवणं हे त्याचं काम नाही. ते काम अँटिपर्स्पिरंटचं. त्यातले अॅल्युमिनियमचे क्षार घामाच्या नळीच्या तोंडाशी तात्पुरतं बूच बसवतात. त्यामुळे वर्षानुवर्षं अँटिपर्स्पिरंट वापरून एकदम घरच्या डिओवर आलात तर काही दिवसांत काख पहिल्यासारखी ओली व्हायला लागेल. ती बुचं निघून गेली, एवढाच त्याचा अर्थ. "शरीरातलं विष बाहेर पडतंय, महिनाभर सोसा" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. घाम म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच. शरीरातला कचरा काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, काख नाही.

शिवाय आपली हवा. पुण्याला तितकाच घाम आला तरी तो वाळतो. आपल्याकडे खाडीच्या दमट हवेत तो अंगावरच राहतो, आणि ओल्या उबदार जागी जिवाणूंची चंगळ होते. मे महिन्यात आणि ऑक्टोबर हीटमध्ये कुठलाही घरचा उपाय सकाळी एकदा लावून रात्रीपर्यंत पुरणार नाही. दुपारच्या जेवणानंतर ओल्या रुमालाने काख पुसून, कोरडी करून परत लावायचा. हे गृहीतच धरा.

सकाळी ठीक, अर्ध्या तासात वास

ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार, म्हणून हिच्यावर सविस्तर लिहिते.

एका रविवारी इस्त्री करत होते. फिकट पिवळा कुर्ता, धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवलेला. गळ्याकडून बाहीकडे इस्त्री नेली, काखेच्या शिवणीवर टेकली आणि भपकन वास आला. माझाच, पण कालचा नव्हे, महिन्यांचा. कुर्ता उजेडात धरला तर काखेच्या जागी कापडाचा रंग गडद झालेला, बोटाला मेणचट लागत होता, आणि शिवणीजवळ कापड जरा कडक. नखाने खरवडलं तर पांढरट थर निघाला. तो माझ्याच घरच्या डिओचा होता. खोबरेल तेल आणि आरारूट, त्यात अडकलेला घाम, आणि थंड पाण्याच्या धुण्यात न निघालेली साबणाची भुकटी.

मी डिओ बदलत होते आणि वास कपड्यात बसला होता. धुतलेल्या कुर्त्याला एरवी वास येत नसे. तो घालून प्लॅटफॉर्मचा जिना चढले, अंगाची ऊब आणि ओल लागली की इस्त्रीने केलं तेच व्हायचं.

म्हणून पहिली तपासणी ही: आंघोळ केल्यावर धुतलेला कपडा घालून अर्ध्या तासाच्या आत वास आला, तर संशय कपड्यावर घ्या. ताज्या घामाचा वास व्हायला वेळ लागतो, जुना वास मात्र लगेच जागा होतो. खात्री करायची असेल तर कोमट इस्त्री काखेच्या शिवणीवर उलट्या बाजूने टेकवून बघा.

पॉलिएस्टरचे आणि मिश्र धाग्याचे कपडे यात जास्त त्रास देतात. बेल्जियममधल्या गेन्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये व्यायाम केलेल्या माणसांचे टी-शर्ट तपासले, तेव्हा सुतीपेक्षा पॉलिएस्टरच्या कपड्यांना जास्त वाईट वास येत होता, आणि त्यांच्यावर वाढलेले जिवाणूही वेगळे होते. सुती धागा ओल पोटात घेतो. पॉलिएस्टर पाणी घेत नाही, पण तेलकट पदार्थ धरून ठेवतो. जॉर्जेटचे आणि क्रेपचे ब्लाउज, लेगिंग्जवर घालायचे चकचकीत कुर्ते, मुलांचे फुटबॉलचे जर्सी, हे सगळे त्यातलेच.

कपडा असा सोडवायचा. उलटा करून काखेच्या जागी भांडी घासायचं लिक्विड कोरड्यावरच चोळा आणि वीस मिनिटं ठेवा. आधी पाणी लावू नका, तेल सुटत नाही. मग कापडाला सोसेल तितक्या गरम पाण्यात मऊ ब्रशने घासून धुवा. नंतर एक वाटी पांढरा व्हिनेगर आणि चार वाट्या पाणी, यात अर्धा तास भिजवा, साध्या पाण्यातून काढा आणि उलटाच उन्हात वाळवा. व्हिनेगरच्या पाण्यात ब्लीच चुकूनही घालू नका, विषारी वायू होतो. व्हिनेगर आणि सोडा एकत्र करण्यातही अर्थ नाही, फेस छान येतो पण दोघं एकमेकांना मारून टाकतात. कपडा मऊ करणारं सुगंधी कंडिशनर या कपड्यांना बंद करा. धाग्यावर त्याचा थर बसतो आणि खालचा वास आतच राहतो.

माझे चार कुर्ते एका धुण्यात सुटले, दोन दोनदा करावे लागले, आणि एक जुना ब्लाउज काही सुटला नाही. तो मी पुसायला घेतला.

आग होते, लाल होतं, काळं पडतं

बहुतेक वेळा दोषी खाण्याचा सोडा. इंटरनेटवरच्या जवळजवळ प्रत्येक कृतीत तो असतो, कारण तो वास खरोखर मारतो. पण निरोगी कातडी किंचित आम्लधर्मी असते, साधारण साडेचार ते साडेपाच पीएचची, आणि सोड्याचं पाणी आठाच्या वर, म्हणजे अल्कधर्मी बाजूला जातं. रोज घासून लावलं, वर घाम, वर कपड्याचं घर्षण, की दोन-तीन आठवड्यांत कातडीचं वरचं आवरण दुबळं होतं. म्हणून "पहिला आठवडा छान गेला". मला तिसऱ्या आठवड्यात लोकलमध्येच खाज सुटली. घरी येऊन पाहिलं तर दोन्ही काखांत रुपयाएवढे लाल डाग, कडेला पापुद्रे. लाली आठ दिवसांत गेली, मागे राहिलेला तपकिरी डाग जायला दिवाळी उजाडली.

असं झालं तर सगळं बंद करा. सोडा कमी करून बघते, असं नाही. पूर्ण बंद. कोमट पाणी, सौम्य साबण, टिपून कोरडं करणं, सैल सुती कपडे, बस. कातडी पूर्ण बरी होईपर्यंत तुरटी नाही, लिंबू नाही, कसलं तेलही नाही. नंतर सोड्याशिवायची कृती घ्या. सोडा हवाच असेल तर आठ भाग आरारूटला एक भाग, आणि आधी कोपराच्या आतल्या बाजूला तीन-चार दिवस लावून पाहायचं.

एक चूक मी प्रत्यक्ष पाहिली आहे, म्हणून सांगते. डब्यावर नुसतं "सोडा" लिहिलेलं होतं आणि तो धुण्याचा सोडा निघाला. तो फार तीव्र असतो. दोन्ही दिसायला सारखेच पांढरे. डबे वेगळे ठेवा.

लिंबू कापून काखेत चोळायची जुनी सवय बऱ्याच घरांत आहे. लिंबाचा रस सोड्याच्या उलट टोकाचा, फार आम्ल. शिवाय रस लागलेल्या कातडीवर ऊन पडलं तर भाजल्यासारखे चट्टे आणि काळे डाग पडू शकतात. बिनबाह्यांचा ड्रेस घालून बाहेर पडणाऱ्या मुलींनी लिंबू काखेला लावूच नये.

टी ट्री, लव्हेंडर ही सुगंधी तेलं "नैसर्गिक" म्हणून थेंब-थेंब ओतली जातात. त्यांचीही अॅलर्जी येते, आणि उघडून वर्ष झालेल्या जुन्या बाटलीची जास्त येते. वाटीभर मिश्रणाला पाच-सहा थेंब पुरे. घामोळं असताना तेवढंही नको.

काख काढल्यावर, म्हणजे वॅक्स किंवा रेझर फिरवल्यावर, त्या दिवशी काहीच लावू नका. मी शनिवारी रात्री काढते आणि रविवार मोकळा सोडते. केस बारीक ठेवले की साबण कातडीपर्यंत पोचतो आणि वासाला खरंच फरक पडतो, हे मात्र नक्की.

डबीत वितळतं, पर्समध्ये सांडतं, कपड्याला डाग पडतात

खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या वर पातळ होतं. ज्या थंड देशांतून या कृती आल्या, तिथे ते कपाटात लोण्यासारखं घट्ट बसतं. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीची थोडी पहाट सोडली तर ते वर्षभर पातळच. त्यामुळे त्या मापाने केलेली क्रीम इथे आमटी होते. मग हात सैल सुटतो, जास्त लागतं, आणि वर सांगितलं तसं ते कपड्यात जातं.

यावर आपल्याच कोकणात उत्तर आहे: मुठेल. कोकमाच्या बियांचं ते घट्ट तूप, थंडीत टाचांच्या भेगांना लावायला आजीच्या फडताळात गोळा असायचा तेच. ते वितळायला ३८ ते ४० अंश लागतात, म्हणजे डबीत घट्ट राहतं आणि अंगाच्या उबेने बोटाला सुटतं. कोकणातल्या वस्तूंच्या दुकानांत मिळतं.

माझं आत्ताचं माप असं. दोन मोठे चमचे किसलेलं मुठेल, एक मोठा चमचा खोबरेल तेल, तीन मोठे चमचे आरारूट किंवा कॉर्नफ्लोर. गरम पाण्याच्या पातेल्यात वाटी ठेवून मुठेल आणि तेल वितळवायचं, वाटी खाली उतरवून पीठ घालायचं आणि गार होईपर्यंत अधूनमधून हलवत राहायचं. हलवायचं सोडलं की पीठ तळाशी बसतं आणि वर नुसतं तेल राहतं. पहिल्या वेळी बहुतेकींचं हेच होतं. मिश्रण खसखशीसारखं रवाळ झालं तर घाबरू नका, मुठेल सावकाश गोठलं की तसं होतं. परत वितळवून वाटी फ्रिजमध्ये ठेवून पटकन गार करा.

लावताना हरभऱ्याच्या डाळीएवढं, एका काखेला तेवढंच. आणि लावल्यावर पाच मिनिटं पंख्याखाली बिनबाह्यांचं बसायचं. घाईच्या सकाळी ही पाच मिनिटं कुणाकडे नसतात हे मला माहीत आहे. मी आंघोळ झाल्यावर गाउनवरच डबे भरते, आणि निघताना कपडे बदलते.

ज्यांना तेल नकोच, त्यांनी पूड करावी. आरारूट, त्यात चौथा भाग वस्त्रगाळ केलेला वाळा आणि कपूरकाचरी, दिवाळीच्या उटण्यातली तीच ओळखीची जोडी. ओल टिपते, वास मंद आणि छान. पण पूर्ण कोरड्या कातडीवरच, नाहीतर गुठळ्या होऊन काखेत घासतात.

तुरटीचं काय

तुरटीवर माझा विश्वास आहे. दाढीनंतर न्हावी फिरवतो तोच खडा. ती कातडी आवळून घेते, जिवाणूंना अडवते, कपड्याला तेल लागत नाही आणि किराणा दुकानात अगदी स्वस्त मिळते. खडा पाण्यात बुडवून काखेत चार-पाच वेळा फिरवायचा, वाळू द्यायचा. खडा नंतर धुऊन कोरडा ठेवायचा, आणि घरात प्रत्येकाचा वेगळा.

पण "अॅल्युमिनियम नको म्हणून तुरटी" असं कुणी म्हणत असेल तर ते बरोबर नाही. तुरटी म्हणजे पोटॅशियम अॅल्युमिनियम सल्फेट. ती अँटिपर्स्पिरंटसारखं बूच बसवत नाही, एवढंच. अॅल्युमिनियमने स्तनाचा कर्करोग होतो, ही भीती मात्र आजवरच्या संशोधनाने खरी ठरलेली नाही. ज्यांची मूत्रपिंडं खूप कमजोर आहेत त्यांनी अॅल्युमिनियमचं काहीही रोज लावण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

तुरटीचं पाणी करून ठेवायचं तर उकळून गार केलेलं पेलाभर पाणी आणि एक सपाट छोटा चमचा पूड, प्लॅस्टिकच्या किंवा काचेच्या स्प्रे बाटलीत. धातूची बाटली नको. आठवड्याला नवीन करा. तुरटी लावून त्यावर सोडा लावला तर फसफसतं आणि दोन्ही निकामी होतात. एका मैत्रिणीने "डबल असर" म्हणून तसंच केलं होतं आणि महिनाभर तुरटीला दोष देत होती.

पावसाळ्यात

जूनपासून कपडे घरातल्या दोरीवर वाळतात आणि काखेची शिवण सगळ्यात शेवटी सुकते. तिथे कुबट वास धरतो. पंख्याखाली उलटे वाळवा आणि घालण्याआधी शिवणीवर इस्त्री फिरवा. गोल, कडेने लाल, खाजणारा चट्टा दिसला तर तो डिओचा दोष नसून नायटा असण्याची शक्यता जास्त. त्यावर औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने मिश्र मलम आणू नका. अशा बऱ्याच मलमांत स्टेरॉइड असतं. खाज दोन दिवस थांबते, नायटा आत पसरत राहतो.

खाण्याचंही थोडं असतं. मेथीचे लाडू सुरू असतील तर घामाला गोडसर, पाक जळल्यासारखा वास येतो. लसणाचाही येतो. तो काही दिवसांत जातो, त्यासाठी बाळंतिणीचे लाडू बंद करू नका.

हे घरी सोडवायचं नाही

काखमांजरी, म्हणजे काखेतलं गळू, एकदा झाली तर शेकून बरी होते. पण त्याच जागी परत परत येत असेल, पू होत असेल, खाली दोऱ्यासारखे व्रण राहत असतील तर तो वेगळा आजार असू शकतो. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. काखेत न दुखणारी गाठ लागली तर वाट न बघता दाखवा. केसांना पिवळट कण चिकटलेले दिसले तर तेही जिवाणूंचं काम असतं, आणि साध्या औषधाने जातं. रात्री कपडे भिजतील इतका घाम, सोबत ताप किंवा वजन उतरणं, हे तर लगेच.

आणि एक, ज्याबद्दल बायका फार उशिरा विचारतात. काख काळी पडली आहे, सोबत मानही काळी, कातडी मखमलीसारखी जाड. त्या डिओला दोष देतात, बटाटा-लिंबू चोळत बसतात. ही खूण बरेचदा शरीरात इन्सुलिन नीट लागू पडत नसल्याची असते. आधी रक्तातली साखर तपासून घ्या.

गेल्या महिन्यात शेजारच्या काकू त्यांच्या बारा वर्षांच्या नातीला घेऊन आल्या. शाळेत मुली काहीतरी बोलल्या होत्या आणि पोरीने दोन दिवस डबा खाल्ला नव्हता. काकू म्हणाल्या, "हिला चांगला वासाचा स्प्रे सांग." मी आधी तिला सांगितलं की हे या वयात सगळ्यांना सुरू होतं. मग तिचा शाळेचा शर्ट मागवला आणि इस्त्री टेकवली. मिश्र धाग्याचा, काखेत पिवळा. तो भिजत घातला. तिच्या दप्तरात एक छोटा सुती रुमाल, प्लॅस्टिकच्या डबीत तुरटीचा खडा आणि पीटीच्या तासानंतर बदलायला एक सुती स्लिप ठेवली. परवा जिन्यात भेटली, तर वरच्या मजल्यावरच्या मैत्रिणीसाठी एक खडा मागत होती.